विद्यापीठाची खूण आणि आपली जबाबदारी

पहाटे रेडिओ लावला की निवेदकाने तोंड उघडण्याआधीच एक ओळखीची धून कानावर येते, आणि गोठ्यात धार काढणाऱ्या माणसालाही कळते की आकाशवाणी लागली. वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने १९३६ च्या सुमारास बांधलेली ती धून. केंद्र कोणतेही असो, धून तीच. उद्या प्रत्येक केंद्राने आपल्या आवडीने तिच्यात दोन सूर वाढवले, तर धून राहील, पण ओळख जाईल.

कानाला जशी धून, तशी डोळ्याला खूण. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मर्यादेची मुद्रा उमटे. वरची मुद्रा सांगे की पत्र कोणाचे. खालची सांगे की मजकूर इथे संपला, पुढे कोणी काही जोडले असेल तर ते आमचे नव्हे. आजच्या भारताचेही तसेच आहे. २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या राजमुद्रेत सिंहांच्या खाली ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरे नसतील, तर ती मुद्रा अपुरी ठरते. तिचा गैरवापर होऊ नये म्हणून २००५ साली स्वतंत्र कायदा झाला आणि २००७ साली नियम आले.

आता विद्यापीठाकडे वळू. आपल्या बीड जिल्ह्यातली महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. गावातल्या किती आईबापांनी ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले असेल? फार थोड्यांनी. त्यांच्या घरी विद्यापीठ येते ते कागदाच्या रूपाने. पाच-सहा महिने ऊसतोडीला जाऊन ज्यांनी मुलीला शिकवले, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत तिची गुणपत्रिका जमिनीच्या सातबाऱ्याशेजारी ठेवलेली असते. अशा माणसाचा भरवसा कागदावरच्या खुणेवर बसतो. म्हणून ती खूण कागदोकागदी बदलता कामा नये.

पण ती बदलते, आणि बदलणारे आपणच असतो. महाविद्यालयात कार्यक्रम ठरतो. कोणीतरी जुन्या पत्रिकेचा मोबाइलवर फोटो काढतो आणि डीटीपीवाल्याला पाठवतो. तो बोधचिन्ह कापून घेतो, जागा रुंद म्हणून आडवे ताणतो. गोल चिन्ह असेल तर त्याचे अंडे होते. फलक हिरवा म्हणून चिन्हही हिरवे होते. पुढच्या वर्षी त्या फलकावरून नवी पत्रिका निघते. कोणाच्याही मनात वाईट नसते, पण पाच वर्षांत एका चिन्हाची पाच रूपे होतात. मग खरे कोणते आणि बनावट कोणते, हे शिक्षकालाही सांगता येत नाही. शेतकऱ्याने ते कसे ओळखावे?

यावर उपाय साधे आहेत. पहिला असा की, बोधचिन्हाची मूळ प्रत विद्यापीठाकडूनच घ्यावी आणि महाविद्यालयात एकाच ठिकाणी जपावी. लहानमोठे करताना कोपऱ्याला धरूनच करावे, म्हणजे उंची-रुंदीचे प्रमाण बिघडत नाही. भोवती थोडी मोकळी जागा सोडावी.

दुसरी गोष्ट रंगाची. पोलक्याचे कापड आणायला निघालेली बाई साडीचा तुकडा सोबत नेते. नुसते ‘निळे द्या’ म्हणत नाही, कारण निळे शंभर प्रकारचे असते. छापखान्यात आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांच्या मिश्रणाने रंग तयार होतात. प्रत्येक शाईचे प्रमाण आकड्यात लिहून दिले, तर रंग बीडला छापा नाहीतर परळीला, जवळपास सारखाच येईल. एकाच शाईत छापायचे असेल तर चिन्ह सरळ काळे ठेवावे. मनाचा रंग देऊ नये.

तिसरी गोष्ट अक्षराची. जुन्या संगणकी टंकांत प्रत्येकाचे आतले क्रमांक निराळे असत. म्हणून एका संगणकावरचे परिपत्रक दुसऱ्यावर उघडले की भलतीच चिन्हे दिसत. युनिकोडने हा घोळ मिटवला. ‘क’चा क्रमांक ०९१५, तो साऱ्या जगात तोच. तेव्हा एखादा युनिकोड टंक ठरवावा आणि वर्षभर तोच वापरावा. मात्र निवडताना ‘ल’ आणि ‘श’ नीट पाहून घ्यावेत. मराठी वळण पाकळीच्या ‘ल’चे आणि देठाच्या ‘श’चे आहे, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने तेच प्रमाण ठरवले. पुष्कळ टंकांत हिंदी वळण येते आणि आपल्या लक्षातही येत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती नावाची. मराठवाड्यातली महाविद्यालये पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर आपल्या भागात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मेली. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नाव आले. त्याला आपण नामविस्तार म्हणतो, कारण ‘मराठवाडा’ राहिले आणि बाबासाहेबांचे नाव त्याच्या आधी जोडले गेले. म्हणजे या नावातला प्रत्येक शब्द मोजून घेतलेला आहे. जागा पुरत नाही म्हणून त्यातला अर्धा भाग गाळणे, किंवा सवयीने जुनेच नाव लिहिणे, ही छपाईची चूक म्हणून सोडून देता येत नाही. कोणाचे तरी घर त्यासाठी जळले आहे. जागा पुरत नसेल तर अक्षर लहान करावे. नाव लहान करू नये.

शेवटी एक सावधगिरी. खूण नीट दिसली म्हणून कागद खरा ठरत नाही. चिन्ह कोणीही छापू शकतो. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने पदवी देण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच दिला आहे, आणि आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. मुलाची फी भरण्याआधी ती यादी गावच्या शिक्षकाकडून पाहून घ्या.

आणि गुरुजनहो, आपल्याकडून एवढेच व्हावे: या आठवड्यात आपल्या संस्थेचे पत्र, शिक्का, फलक आणि प्रमाणपत्र एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा. चारही एकाच घरचे दिसतात का, ते पाहा. दिसत नसतील, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.