विश्लेषण : इम्प्लांट बसवला, मग कायमची कॅप लगेच का नाही?

दात काढला, त्या जागी इम्प्लांट बसवला, निम्म्याहून अधिक पैसेही भरले. पण कायमची कॅप मात्र तीन-चार महिन्यांनी. अनेक रुग्णांना हा काळ उगाच लांबवल्यासारखा वाटतो. त्यातच ‘एका दिवसात नवे दात’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसत असतात. मग थांबणे खरेच गरजेचे आहे का?

इम्प्लांट म्हणजे नेमके काय?
इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, तर दाताचे कृत्रिम मूळ. सहसा टायटॅनियमचा असलेला हा छोटा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. त्यावर अबटमेंट हा जोडभाग आणि सर्वांत वर कॅप, म्हणजेच क्राऊन असते. चावताना कॅपवर पडणारा भार शेवटी स्क्रूभोवतीच्या हाडावर येतो.

हाडात काय घडते?
पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो केवळ आट्यांच्या पकडीमुळे. त्यानंतर शरीर आट्यांलगतचे दुखावलेले हाड हळूहळू काढून टाकते आणि तिथे नवे हाड तयार करते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनी पकड ढिली झालेली असते, नवी मात्र पुरेशी तयार नसते. हाच सर्वांत नाजूक काळ. अडचण अशी, की तोवर दुखणे आणि सूज गेलेली असते. त्यामुळे ‘आता सगळे ठीक आहे’ असे रुग्णाला वाटते.

या काळात स्क्रू साधारण १०० ते १५० मायक्रॉनहून अधिक, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढा जरी वारंवार हलला, तरी त्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो. असा इम्प्लांट पुढे भार पेलू शकत नाही.

तीन ते सहा महिन्यांचा नियम कुठून आला?
स्वीडनचे संशोधक पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगांत टायटॅनियम हाडाशी घट्ट जोडले जात असल्याचे आढळले. या प्रक्रियेला ‘ऑसिओइंटिग्रेशन’ म्हणतात. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर असे इम्प्लांट बसवले. खालच्या जबड्यासाठी तीन महिने आणि वरच्यासाठी सहा महिने थांबायचे, ही त्यांची पद्धत. वरच्या जबड्याचे हाड तुलनेने सच्छिद्र असल्याने तिथे अधिक वेळ दिला गेला.

आता किती थांबावे लागते?
खरखरीत पृष्ठभागाच्या आधुनिक इम्प्लांटवर हाड लवकर धरते. हाड चांगले असेल तर सहा ते आठ आठवड्यांतही कॅप बसवता येते. हाडाचे रोपण किंवा सायनस लिफ्ट करावी लागल्यास मात्र काही महिने वाढतात. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह किंवा जबड्यावर झालेले रेडिएशन यांमुळेही हाड भरून येण्यास अडथळा होतो. हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे सुरू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.

‘एका दिवसात दात’ हे खोटे आहे का?
तसे नाही. स्क्रू पहिल्याच दिवशी पुरेसा घट्ट बसला, तर काही रुग्णांना लगेच दात देता येतो. मात्र तो बहुधा तात्पुरता असतो. एकच दात असेल तर तो समोरच्या दाताला टेकणार नाही, असा ठेवतात. अनेक इम्प्लांट असतील तर ते एकमेकांना जोडून भार वाटला जातो. रात्री दात खाण्याची सवय असणाऱ्यांसाठी हा मार्ग जोखमीचा ठरतो. म्हणजे दात लगेच दिसला, तरी हाडाला लागणारा वेळ वाचत नाही.

रुग्णाने काय पाहावे?
माझे हाड कसे आहे, रोपण केले आहे का, मिळणारी कॅप तात्पुरती की कायमची आणि कॅपपूर्वी स्थिरता कशी तपासणार, हे प्रश्न सुरुवातीलाच विचारावेत. भरण्याच्या काळात त्या बाजूने कडक पदार्थ चावू नयेत. सुपारी, तंबाखू टाळावी. इम्प्लांट हलणे, पू येणे, वाढत जाणारे दुखणे किंवा ओठाची न जाणारी बधिरता जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. कारण हललेला इम्प्लांट बहुतेकदा काढावाच लागतो. मग हाड भरून येण्याची वाट पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागते, आणि खर्चही वाढतो.