जाड हृदय, कॅल्शियम आणि चौविहार उपवास

आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने जैन सोशल फेडरेशनने अहिल्यानगरात हॉस्पिटल उभारले आणि हृदयतपासणीची सोय आपल्या माणसांना जिल्ह्यातच झाली. साहजिकच तपासणीचे अहवालही घरोघरी वाचले जाऊ लागले. त्यात 'हृदयाच्या स्नायूत कॅल्शियम' असे शब्द दिसले की पहिली कुऱ्हाड दूध-दह्यावर पडते. ती अनाठायी आहे. जाड झालेल्या स्नायूला रक्तपुरवठा अपुरा पडतो, काही पेशी मरतात, तेथे व्रण राहतो. अशा व्रणात क्वचित कॅल्शियम साचते. रक्तातील कॅल्शियम प्रमाणात असले तरी हे घडते. मूळ दुखणे जाडपणाचे.

रक्तदाबाचे कारण नसताना आलेले जाडपण बहुधा आनुवंशिक असते. ते सुमारे ५०० माणसांत एकास आढळते. म्हणून रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी व मुलांनीही इको करून घ्यावा. एरवी भागीदारीचे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपणारी घरे हा कागद मात्र कपाटात ठेवून देतात!

खरी काळजी चातुर्मासात. काही रुग्णांत जाड पडद्यामुळे हृदयातून रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद झालेली असते. अंगातील पाणी कमी झाले की ती आणखी आवळते. भोवळ येते, शुद्धही हरपते. अशा रुग्णाने चौविहार उपवास स्वतःच्या मनाने धरू नये, गोळ्याही थांबवू नयेत. प्रत्याख्यानात आजारपणासाठी आगार आहेतच. डॉक्टरांना विचारून, महाराजसाहेबांना प्रकृती सांगून मगच पच्चक्खाण घ्यावे.