पान उघडते केव्हा, सापडते कसे?

भ्रमणध्वनीवर एखादे संकेतस्थळ उघडावयास घ्यावे आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहावे, हा प्रकार काळी नदीच्या काठच्या दाट रानात राहणाऱ्या आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. डोंगराआड लहरी क्षीण होतात, हे खरेच. परंतु त्याच जागी एक पान झटकन उघडते आणि दुसरे उघडतच नाही, याचे कारण डोंगरात सापडणार नाही. ते त्या पानाच्या घडणीत असते.

संगणक अक्षरे साठवितो ती अंकांच्या रूपाने. या साठवणीचे माप म्हणजे बाइट. आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत रोमन अक्षराला 1 बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक अक्षराला व प्रत्येक काना-मात्रेला 3. आपल्या गावाचे नाव रोमनमध्ये 5 बाइटांत मावते. ‘जोयडा’ लिहावयास 15 लागतात. हे ऐकून आपल्या लिपीवर अन्याय झाला असे वाटेल. पण घाबरू नये. त्या तिनांपैकी पहिला बाइट देवनागरीत सदैव एकच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. अशा पुनरुक्तीमुळे मजकूर पाठविण्यापूर्वी दाबून पुष्कळच लहान करता येतो.

आता थोडा हिशेब करू. सुमारे 600 शब्दांचा मराठी लेख न दाबताही 12 हजार बाइटांच्या आसपास भरतो. एका बाइटात 8 बिट. आपल्याकडे कधीकधी मिळतो तसा सेकंदाला 1 लाख बिट एवढाच मंद प्रवाह धरला, तरी तो लेख एका सेकंदात येतो. त्याच पानावर भ्रमणध्वनीने काढलेले 40 लाख बाइटांचे एक छायाचित्र जसेच्या तसे ठेवले, तर त्याला 320 सेकंद, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक लागतील! शिवाय 4000 बिंदू रुंदीचे ते चित्र वाचकाला दिसते जेमतेम 800 बिंदूंच्या जागेत. लांबी-रुंदी आधीच पाचपटीने कमी केली असती, तर बिंदूंची संख्या पंचविसाव्या हिश्श्यावर आली असती आणि डोळ्यांना फरकही जाणवला नसता. पानासोबत शोभेचा नवा टंक पाठविण्याचा सोसही असाच. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंक बराच जड होतो, आणि वाचकाच्या यंत्रात एक देवनागरी टंक बहुधा असतोच.

पान हलके झाले, पण ते कोणाला सापडलेच नाही तर? शोधयंत्र आपण प्रश्न विचारल्यावर जग धुंडाळावयास निघत नाही. ते आधीच एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचून ठेवते आणि ग्रंथाच्या शेवटी असते तशी शब्दांची प्रचंड सूची करते. आपला शब्द त्या सूचीत पाहिला जातो. गूगलने पानाचा वेग हा क्रम ठरविण्याचा एक निकष म्हणून 2010 मध्ये स्वीकारला व 2018 मध्ये तो भ्रमणध्वनीवरील शोधालाही लावला. तथापि निव्वळ वेगाने कोणी पहिला येत नाही. विचारलेला शब्द पानावर यंत्राला वाचता येईल अशा रीतीने असावा लागतो.

येथेच मराठीचे एके काळी मोठे नुकसान झाले. देवनागरीला निश्चित संकेतांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 सालची. तरीही 2000 च्या आगेमागे अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापला खासगी टंक वापरीत. पडद्यावर ‘क’ दिसे. आत मात्र एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असे. टंक नसलेल्या वाचकाला निरर्थक अक्षरांचा चिखल दिसे आणि शोधयंत्राला तर कोणालाच मराठी शब्द दिसत नसे. लिहिलेले होते, पण सूचीत नव्हते! 2003 मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या युनिकोडमधील प्रकल्पांनी ही कोंडी फुटू लागली. आज आपण निमंत्रणे, सूचना, कविता चित्ररूपाने टाकतो, तेव्हा तीच चूक नव्याने करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रातील अक्षरे अलीकडची यंत्रे काही अंशी ओळखतात. पण त्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे, आणि वजन वाढते ते वेगळेच.

आपल्या तालुक्यापुढे नावाचीही एक अडचण आहे. जुने ठाणे सुपा काळीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. दूरदेशी गेलेल्या कुटुंबातील नातवाने आजोबांचे ‘सुपा’ शोधले, तर त्याच्यापुढे पारनेर तालुक्यातील सुपा किंवा शहाजीराजांच्या जहागिरीतील बारामतीजवळचे सुपे येण्याचा संभव अधिक. म्हणून आपण लिहिताना ‘काळी नदीवरील सुपा, आताचा जोयडा तालुका, उत्तर कन्नड’ असे स्पष्ट लिहावे. कोणी जोयडा लिहितो, कोणी जोईडा. दोन्ही रूपे एकदा तरी पानावर यावीत.

तुमच्यापैकी कोणी जोयड्याच्या कंदमुळांच्या मेळ्यावर पान रचले, अशी कल्पना करा. त्याला ‘मुख्यपृष्ठ’ हे शीर्षक देण्याऐवजी ‘जोयड्याच्या कुणब्यांची मुडली’ असे द्यावे. मुडली हा अळूच्या जातीचा कंद आहे, हेही सांगावे. कारण घाटावरचा वाचक मुडली शोधणार नाही, अळकुडी शोधील. चित्रामागे त्याचे वर्णन शब्दांत लिहिण्याची सोय असते, ती रिकामी सोडू नये. अंध वाचकांच्या यंत्राला तेच वाचता येते. दुसऱ्या पानाकडे नेताना ‘येथे टिचकी द्या’ एवढेच न लिहिता ‘सुरणाची लागवड’ असे लिहावे. मात्र तोच शब्द पन्नासदा घोळवू नये. शोधयंत्रे ही लबाडी ओळखतात, आणि वाचक तर त्याआधीच कंटाळतो.

आणि पान तयार झाल्यावर ते शाळेच्या संगणकावर उघडून समाधान मानू नका. घरातील सर्वांत जुना भ्रमणध्वनी घ्या, जेथे लहरींची एकच रेघ दिसते अशा वळणावर उभे राहा आणि पहिली ओळ दिसेपर्यंत सेकंद मोजा.