शर्यत संपल्यानंतरचं मिनिट
(मैदानावरची मुलं : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात अंग मोकळं करणं आणि खुराक यांविषयी लिहिलं. आज प्रशिक्षकाच्या बोलण्याविषयी.

आलापल्ली-अहेरी रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या पोरापोरींना धावायला लावावं लागत नाही. पोलीस भरती त्यांच्या डोळ्यांसमोर असते. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, सगळे मिळून ५० गुण. मुलीने ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत काढले की २० पैकी २०. एवढं स्पष्ट ध्येय समोर असूनही सुरुवातीला उत्साहाने येणाऱ्यांतली काही मुलं हळूहळू दिसेनाशी होतात. ‘आजकालच्या पोरांत चिकाटीच नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. ओढ असते, पण शर्यत संपल्यानंतरच्या एका मिनिटात आपणच ती घालवतो.

समजा, एक मुलगी पहिले दोनशे मीटर सुसाट गेली, सहाशेनंतर तिचे पाय जड झाले आणि ती शेवटी आली. रेषेवर उभे असलेले सर म्हणाले, “काय गं, जेवून नाही आलीस?” सगळे हसले, तीही हसली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. सरांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण ती कुठे चुकली हे तिला कळलंच नाही, कळलं ते एवढंच की आपलं हसं झालं.

त्याऐवजी तिचा श्वास बसू द्यावा, तिला बाजूला घ्यावं आणि विचारावं, “पाय कुठून जड वाटायला लागले?” विचारून झालं की थांबावं. हे थांबणंच आपल्याला जमत नाही. आपल्याकडे कुणाच्या घरी माडिया, कुणाच्या घरी गोंडी. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याच्या काही गावांत बंगाली. अशा मुलाला मराठीत उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि प्रशिक्षक त्या गप्प बसण्याला हट्ट समजतो. तिला तिच्या मैत्रिणीकरवी सांगू द्या. उत्तर आलं की दुरुस्ती एकच सांगायची: उद्या पहिले दोनशे मीटर आजच्यापेक्षा चार सेकंद सावकाश. आजची वेळ तिने स्वतःच्या वहीत, स्वतःच्या हाताने लिहायची. उद्या ताडून बघायची ती या वेळेशी, शेजारणीच्या वेळेशी नाही.

अमेरिकेत सिएटलच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांची शिकवण साधी होती: प्रयत्न दिसला की तसं बोलून दाखवा, चूक झाली की आधी धीर द्या, मग दुरुस्ती सांगा, शिक्षा आणि टोमणे टाळा. १९९२ साली त्यांच्या चमूने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही तासांचं हे प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघांतून पुढच्या हंगामात ५ टक्के मुलं गळली. इतरांच्या संघांतून २६ टक्के. जिंकण्या-हरण्यात दोन्हीकडे फारसा फरक नव्हता! म्हणजे मुलं पराभवामुळे गेली नव्हती. तो देश वेगळा, तो खेळही आपल्याकडे नाही, पण टोमणा ऐकलेल्या मुलाचं तोंड सगळीकडे सारखंच पडतं.

मुलांना आवाक्यातलं एकेक पाऊल पुढे टाकायला लावण्याचं उदाहरण तर घरचंच, आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. २०१८ साली ‘मिशन शौर्य’मधून तिथल्या आश्रमशाळांची दहा मुलं एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेली. आधी तेलंगणातल्या भोंगीरच्या खडकावर चढाई, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी, असं टप्प्याटप्प्याने त्यांना तयार केलं. प्रत्येक टप्पा आदल्यापेक्षा कठीण, पण आवाक्यातला. मनीषा धुर्वे, परमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण मे महिन्यात शिखरावर पोचले. ही नावं आपल्या प्रत्येक वर्गात घेतली जावीत.

मला मात्र उरलेल्या पाच जणांविषयीही तितकंच वाटतं. तीच मेहनत, तीच थंडी सोसून ती मुलं माथ्याच्या अलीकडून परतली. डोंगरावर वेळेत मागे फिरणं हेसुद्धा कसब आहे, नाही तर जीव जातो. हे त्यांना आणि गावाला ठासून सांगणं प्रशिक्षकाचं काम आहे, कारण माथ्यावरचा फोटो सगळेच बघतात.

मागे राहिलेल्यांकडे असं दुर्लक्ष आपल्या प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धांतही लहान प्रमाणावर होतं. विभागासाठी निवड झालेल्यांची यादी भिंतीवर लागते, सर निवडलेल्यांना घेऊन सरावाला लागतात. वगळलेल्याला आपण का राहिलो हे कुणी सांगत नाही. माझी कळकळीची विनंती आहे: यादी लावण्याआधी वगळलेल्या प्रत्येकाला एकेकटं बोलवा. ‘तुझी उडी चांगली आहे, पण तुझं पाऊल फळीच्या वीतभर मागे पडतं, पुढच्या महिन्यात त्यावर काम करू’ एवढं बोला, आणि पुढच्या महिन्यात खरंच करा.

पुढच्या लेखांकात मुलींची पाळी आणि सराव, या विषयावर बोलू. बहुतेक पुरुष प्रशिक्षक हा विषय टाळतात.