काकतीच्या शाळेतलं दूध आणि झाडू

पावडरच्या दुधाचं सगळं गणित पाण्यावर असतं. पाणी कोमट हवं. उकळत्या पाण्यात पावडर टाकली की गाठी धरतात, मग कितीही ढवळा, फुटत नाहीत. म्हणून बेळगावजवळच्या काकतीच्या मराठी शाळेत स्वयंपाकाच्या आक्का आधी बादलीत बेताचं कोमट पाणी घेतात. एक जण वरून पावडर भुरभुरते, दुसरी रवी फिरवत राहते. एकजीव झालं की पातेल्यात ओतायचं, साखर टाकायची, उकळी येऊ द्यायची. मुलामागे 18 ग्रॅम पावडर, त्याचं 150 मिली दूध. शंभर मुलं धरली तर जवळपास दोन किलो पावडर आणि 15 लिटर दूध, तेही प्रार्थनेच्या घंटेआधी तयार.

1 ऑगस्ट 2013 पासून कर्नाटकातल्या सरकारी शाळांत ही ‘क्षीरभाग्य’ योजना चालू आहे. 2024 पासून काही दिवस दुधात नाचणीचं माल्टही येतं. माल्ट असलं की रांगेत बोलणी वाढतात. ‘आक्का, मला तळातलं नको की वो!’ तळाशी गाळ बसतो हे सातवीच्या पोरांना बरोबर ठाऊक असतं.

बेळगावहून पुण्याकडे निघालं की थोड्याच वेळात महामार्गाला लागून काकती येतं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं हे माहेर. 1778 साली त्या इथं जन्मल्या. साहजिकच त्यांचा धडा आला की वर्गाची छाती फुगते. परिपाठात कवी कुवेंपूंचं नाडगीत, म्हणजे राज्यगीत होतं, मग राष्ट्रगीत, आणि 2023 पासून संविधानाची प्रस्तावनाही. वर्गात पाऊल टाकलं की गणित, विज्ञान मराठीत. कन्नडच्या तासाला बाई बोलता बोलता मराठीवर येतात आणि परत जातात. मुलांना त्याचं काहीच वाटत नाही, गल्लीत ती तसंच बोलतात. अडचण होते ती कागदांची. वरून येणारं परिपत्रक कन्नडमध्ये, ते पालकांना मराठीत समजावून सांगायचं काम कुठल्याच वेळापत्रकात नसतं.

जपानी शाळांच्या चित्रफिती आता सगळ्यांनीच मोबाइलवर पाहिल्यात. बारा ते पंधरा वर्षांची मुलं पांढरे डगले, टोप्या घालून एकमेकांना वाढतात, गुरुजी वर्गातच त्यांच्याबरोबर जेवतात, जेवणात बहुधा 200 मिली दूध असतं. मग सगळी मिळून फरशी पुसतात. खाली ‘आपल्याकडे कधी होणार?’ असं कुणीतरी लिहिलेलं असतंच. अहो, होतंच की! काकतीत चपला वर्गाबाहेर ओळीनं लागतात. दुपारी भाताचं पातेलं दोन मुलं दोन्ही कानांना धरून आणतात, सांबाराची बादली तिसरा. लहानांना आधी वाढायचं हा नियम मोठेच पाळतात. अंड्याच्या दिवशी अंडं न खाणाऱ्यांना केळं मिळतं, आणि केळ्याच्या मोहानं त्या दिवसापुरते शाकाहारी झालेले एक-दोघे सापडतातच. जेवण झालं की ताट ज्याचं त्यानं धुवायचं. नळाजवळ खरकटं पडलं की पाळीवाल्याला ओरडा बसतो.

फरक असला तर तो हिशेबाचा. जपानमध्ये वाढणं आणि झाडणं हे अभ्यासक्रमातच धरलंय, त्याला ठरलेली वेळ आहे, आणि गुरुजींच्या हातातही फडकं असतं. आपल्याकडे हे चोरून केल्यासारखं चालतं. मुलाच्या हाती झाडू दिसला की पालक विचारायला येतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. झाडू कुणाच्या हाती द्यायचा हे आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून ठरलंय. 2023 च्या डिसेंबरात कोलार जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत मुलांना मैल्याच्या टाकीत उतरवल्याचं उघडकीला आलं होतं. त्यानंतर ‘मुलांना सफाईची सवय लागते’ असं सरसकट म्हणायला जीभ रेटत नाही. वर्ग झाडणं वेगळं, संडास वेगळा. वर्ग झाडायचा तर सगळ्यांनी, मास्तरांनी सुद्धा.

काकतीतल्या सातवीच्या बाई झाडतात. पदर खोचून, खिडकीकडून दाराकडे. त्यामुळे पोरांना कुरकुरायला तोंड राहत नाही. पण पाळ्या लावायचं काम वर्गावर सोडलं की गणित बिघडतं. मुली झाडणार, मुलगे बाकं सरकवणार, अशी वाटणी आपोआप होते. घरून आलेली असते ती. बाक एकदा सरकलं की मुलगे मोकळे, खो-खोला मैदानावर. मुलींचं मैदान दहा मिनिटं उशिरा सुरू होतं.

शुक्रवारी शेवटच्या तासाला पुढच्या आठवड्याची यादी झाली, तेव्हा बाईंनी खडू घेऊन ती सरळ उलटी केली. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, आम्हाला झाडायला येत नाही हो.’

‘गणित तरी कुठं येत होतं? शिकलास नव्हे?’ बाई म्हणाल्या आणि सोमवारपुढे त्याचंच नाव घातलं.