गोदेच्या खोऱ्यांतील फुप्फुसमत्स्य

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पाऊस रुसला म्हणजे तिच्या पात्रांत डोह तेवढे उरतात. पाणी तापतें, त्यांतील प्राणवायु कमी होतो आणि मासे तडफडून मरतात. अशा वेळीं हवेंत श्वास घेणारा मासाच तग धरील. असे मासे प्राचीन काळीं या नदीच्या खालच्या खोऱ्यांत होते. त्यांच्या एका लुप्त प्रजातीचें नांव सिरॅटोडस, म्हणजे ‘शिंगदंती’.

हें नांव लुई आगासी या शास्त्रज्ञानें केवळ दांतांवरून ठेवलें. या माशाच्या सांगाड्याचा बराच भाग कूर्चेचा असल्यामुळें तो कुजून जाई. मागें उरत ते पंख्यासारखे कंगोरे असलेले चपटे दांत. शंखशिंपले भरडण्यास ते योग्य होते.

पूर्वीच्या निजाम राज्यांतील आणि आतां तेलंगणांतील मलेरी गांवच्या परिसरांत तांबड्या चिकणमातीच्या खडकांत असे दांत सांपडले. थॉमस ओल्डहॅम यांनीं १८५९ सालीं त्यांचें वर्णन केलें आणि एका जातीला नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचें नांव दिलें. तो थर सुमारे २२ कोटी वर्षांचा आहे.

मग बीडला असे दांत कां मिळत नाहींत? येथील काळा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. त्याहून जुने थर त्याच्याखालीं झांकलेले आहेत.

दांतावरून अन्न कळतें, श्वास कळत नाहीं. तो उलगडा १८७० सालीं झाला. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांताच्या नदींतील एका जिवंत माशाचे दांत या जीवाश्मांशीं जुळतात, हें सिडनीच्या जेरार्ड क्रेफ्ट यांनीं ओळखलें. प्रथम त्याला सिरॅटोडसच म्हटलें गेलें. पुढें त्याची प्रजाति निराळी ठरली. त्याला कल्ले आहेत आणि एक फुप्फुसही आहे. पाणी दूषित झालें कीं तो वर येऊन हवा घेतो. पण डोह पुरता आटला तर तो टिकत नाहीं. चिखलांत पुरून घेऊन उन्हाळा काढण्याची कला त्याच्या आफ्रिकी आप्तांजवळ आहे. सिरॅटोडसचा श्वास आपण अशा आप्तांवरूनच अनुमानितों.

म्हणून गोदेच्या खालच्या खोऱ्यांत कंगोऱ्यांचा एखादा चपटा दगड दिसलाच, तर तो खिशांत न घालतां जागेवरच राहूं द्यावा आणि जाणत्यास दाखवावा. थरापासून तोडलेला दांत आपलें वय सांगूं शकत नाहीं.