कुलूप एकाचे, किल्ल्या अनेकांकडे : युरोपातील विद्यापीठांची सामायिक सायबरसुरक्षा

युरोपातील विद्यापीठांत शिकणाऱ्या वा शिकवणाऱ्या बहुतेकांना 'एज्युरोम' हे वायफाय परिचयाचे आहे. लायडनचा विद्यार्थी लिस्बनला परिषदेस गेला, तरी तिथल्या आवारात त्याचा फोन कोणालाही न विचारता जोडला जातो. यामागची रचना साधी आहे. लिस्बनचे विद्यापीठ पाहुण्याचा पासवर्ड स्वतः तपासत नाही. त्याची विचारणा बंद लिफाफ्यातून लायडनकडे जाते, लायडन 'हा आमचाच' असे कळवते आणि लिस्बन त्या शब्दावर दार उघडते. नेदरलँड्समधील सर्फनेट या संस्थेत क्लास विरेंगा यांनी २००२ साली ही कल्पना मांडली. आज ती जगभर पसरली असून भारतात तिचे काम 'अर्नेट' पाहते.

एका संस्थेने दुसरीच्या शब्दावर दार उघडावे, हा विश्वास विद्याक्षेत्राचा पाया आहे. हल्लेखोरही नेमक्या याच विश्वासाचा उपयोग करतात. एज्युरोमची व्यवस्था जपून रचलेली आहे. पण संशोधकांनी आपापल्या सोयीने उभे केलेले इतर अनेक दुवे तसे नसतात.

मे २०२० मध्ये याचा प्रत्यय आला. टाळेबंदीमुळे संशोधक घरून काम करीत होते. ११ मे रोजी एडिंबरा विद्यापीठातील 'आर्चर' या ब्रिटनच्या राष्ट्रीय महासंगणकावर घुसखोरी झाल्याचे जाहीर झाले आणि त्याचे दार वापरकर्त्यांना बंद करण्यात आले. त्याच सुमारास जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचे संगणकसमूह बंद झाले. पुढील काही दिवसांत म्युनिकजवळचे लाइबनिट्झ केंद्र, युलिश, ड्रेस्डेन आणि स्वित्झर्लंडमधील लुगानोचे राष्ट्रीय केंद्र या सर्वांनी एकामागून एक आपले दरवाजे लावून घेतले. कोणतेही भारी कुलूप कोणी फोडले नव्हते. महासंगणकांवर संशोधक 'एसएसएच' नावाच्या पद्धतीने दुरून प्रवेश करतात. त्यासाठी संगणकावर जपलेली किल्लीवजा फाइल वापरली जाते. क्राकोमधला संशोधक म्युनिकच्या यंत्रावर येतो आणि तिथून पुढच्या यंत्रावर जातो. या प्रवासात त्याची किल्ली वा पासवर्ड कोणा एका ठिकाणी चोरीस गेला, की चोराला पुढची सारी दारे आपसूक उघडतात. काही ठिकाणी या चोरलेल्या प्रवेशाचा उपयोग आभासी चलन 'खणण्यासाठी' झाला, म्हणजे हवामान आणि रेणूंच्या गणितांसाठी घेतलेली यंत्रे चोरांसाठी नाणी पाडू लागली.

या प्रकरणात युरोपीय संशोधन-ग्रिडच्या सुरक्षापथकाने हल्ल्याच्या खुणा सर्व केंद्रांना कळवल्या : घुसखोर कोणत्या पत्त्यांवरून येतात, आपली साधने कोणत्या नावांनी ठेवतात. ही साधने संगणकातील फॉन्टच्या फोल्डरमध्ये, सहसा कोणी डोकावत नाही अशा जागी, दडवलेली होती. काय शोधायचे हे ठाऊक नसलेल्या प्रशासकाला ती महिनाभर सापडली नसती. ठाऊक असलेल्याला पाच मिनिटे पुरतात. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे आपण म्हणतो खरे. पण मागच्याला शहाणे व्हायचे असेल, तर पुढच्याने ठेच लागल्याचे सांगितले पाहिजे. सायबरसुरक्षेतील सारे सहकार्य या एका अटीवर उभे आहे, आणि तंत्रज्ञानापेक्षा हीच अट अधिक अवघड आहे.

ती अवघड का, याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. आपल्या घरी चोरी झाली हे सांगण्यात कमीपणा वाटतो. विद्यापीठाला तर विद्यार्थी, देणगीदार आणि वृत्तपत्रे या सर्वांचेच भय असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा व्यवहार त्यामुळे दीर्घकाळ रूढ होता. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाने तो मोडला, आणि म्हणून त्याची कथा जराशी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरच्या मध्यात त्या विद्यापीठातील कोणीतरी एका फसव्या ईमेलमधील दुवा उघडला. त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ घुसखोर आत शांतपणे वावरत होते. नाताळच्या सुटीच्या तोंडावर, २३ डिसेंबरच्या संध्याकाळी, त्यांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. मुहूर्त सहज साधलेला नव्हता. कार्यालये रिकामी असण्याची वेळ हेरूनच असे हल्ले होतात. काही सुरक्षित प्रतीदेखील त्याच जाळ्याला जोडलेल्या असल्याने त्यांनाही कुलूप लागले. अखेर विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे दोन लाख युरो, खंडणी भरली. हा निर्णय योग्य होता का, यावर आजही मतभेद आहेत. खंडणीचा प्रत्येक युरो पुढच्या हल्ल्याचे भांडवल होतो, हे खरे. परंतु ज्यांचे प्रबंध आणि परीक्षा त्या सर्व्हरवर अडकल्या होत्या, त्यांना हे तत्त्वज्ञान ऐकवणे सोपे नव्हते.

या कथेला एक विलक्षण जोड आहे. तपासात त्या खंडणीचा काही भाग युक्रेनमधील एका खात्यात सापडला आणि गोठवला गेला. तेव्हा त्याची किंमत सुमारे चाळीस हजार युरो होती. २०२२ मध्ये तो परत मिळेपर्यंत बिटकॉइनचा भाव इतका चढला होता, की त्याचे पाच लाख युरो झाले. विद्यापीठाने ते गरजू विद्यार्थ्यांच्या निधीसाठी राखले.

पण सर्वांत महत्त्वाचे घडले ते ५ फेब्रुवारी २०२० रोजी. मास्ट्रिख्टने खुली सभा घेतली, तपास करणाऱ्या फॉक्स-आयटी या कंपनीचे निष्कर्ष मांडले, कोणत्या सूचना दुर्लक्षित राहिल्या आणि खंडणी का भरली, हे सारे सांगितले. हल्ल्याला दीड महिनाही उलटला नव्हता. इतर विद्यापीठांना त्या अहवालात आपलाच चेहरा दिसला असणार : सुटे विभाग, जुने सर्व्हर, सर्वाधिकार असलेली अनेक खाती.

एकेकट्या विद्यापीठाने जागता पहारा का ठेवू नये, असा प्रश्न इथे येतो. त्याचे उत्तर अंकगणितात आहे. आठवड्याचे १६८ तास असतात. ३६ तासांचा कामाचा आठवडा धरला, तर एका खुर्चीवर सदैव कोणीतरी बसलेले असावे यासाठी जवळजवळ पाच माणसे लागतात. रजा आणि आजारपण धरता सहा. एका खुर्चीवरच्या माणसाने सगळे पाहावे ही अपेक्षा अवास्तव, म्हणून दुसरी खुर्ची आली. बँकेच्या पगाराशी विद्यापीठाला स्पर्धा करता येत नाही, हे वाचकांपैकी अनेकांना स्वानुभवाने ठाऊक असेल. म्हणून नेदरलँड्समधील उच्चशिक्षण आणि संशोधनसंस्थांची 'सर्फ' ही सहकारी संस्था या पहाऱ्याची सामायिक व्यवस्था चालवते. 'सहकारी' हा शब्द महाराष्ट्रातून आलेल्याला साखर कारखान्याची आठवण करून देईल, आणि तुलना अगदीच चुकीची नाही : सभासद संस्थाच मालक, सेवाही त्यांच्यासाठीच. सर्फचे पथक रात्रंदिवस उपलब्ध असते, आणि २०१६ पासून 'ओझोन' नावाची एक मोठी तालीमही ती घडवून आणते. तिच्यात अनेक संस्था एकाच वेळी काल्पनिक हल्ल्याला तोंड देतात, आणि तंत्रज्ञांबरोबर प्रशासक व जनसंपर्काची माणसेही त्या तालमीत असतात.

अमेरिकेत अशीच गरज वेगळ्या नात्याने भागवली गेली. इंडियाना, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू, रटगर्स आणि नेब्रास्का-लिंकन या पाच विद्यापीठांनी 'ऑम्नीसॉक' हे सामायिक पाळतकेंद्र २०१८ मध्ये सुरू केले. पाचही संस्था 'बिग टेन' या क्रीडामंडळातल्या. शनिवारी मैदानात एकमेकांना आडवे पाडणारी विद्यापीठे आपल्या नोंदी एकाच केंद्राकडे विश्वासाने सोपवतात, हे मला या साऱ्यातील सर्वांत आशादायक दृश्य वाटते. ज्यांना असे मंडळ लाभत नाही, त्यांचे काय होऊ शकते, हे इलिनॉयमधील लिंकन कॉलेजने पाहिले. १८६५ मध्ये स्थापन झालेले हे छोटे महाविद्यालय कोविडने आधीच खिळखिळे झाले होते. डिसेंबर २०२१ च्या हल्ल्यात त्याची प्रवेशांची आकडेवारी काही महिने कुलूपबंद राहिली. ती हाती आली तेव्हा पुढच्या वर्षाची पटसंख्या संस्थेला तारण्यास अपुरी असल्याचे उघड झाले. १३ मे २०२२ रोजी ते कायमचे बंद झाले.

सामायिक पहारा प्रत्यक्षात कसा चालतो? प्रत्येक संस्थेच्या यंत्रांवर कोण केव्हा आले, कोणत्या पत्त्याशी बोलले, याच्या नोंदी साठत असतात. एका संस्थेला संशयास्पद पत्ता सापडला, की तो 'मिस्प' नावाच्या मुक्त प्रणालीतून इतरांना कळवला जातो. लक्झेंबर्गमधील 'सर्कल' हे केंद्र तिचा विकास करते. छोट्या संस्थेसाठी आणखी सोपी वाट आहे. संगणक कोणत्याही संकेतस्थळाकडे जाण्यापूर्वी त्याच्या नावाचा पत्ता विचारतो. केवळ या विचारणांच्या नोंदी संस्थेने मोठ्या केंद्राकडे पाठवायच्या आणि केंद्राने त्या कुप्रसिद्ध नावांच्या यादीशी ताडून पाहायच्या. सर्न आणि तिच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले 'पीडीएनएस-सॉक' हे साधन नेमके हेच करते. कळवलेली माहिती कोणी कोणाला सांगावी यासाठी सिग्नलचे रंग ठरलेले आहेत. लाल म्हणजे ऐकणाऱ्यापुरतीच, पिवळसर म्हणजे गरजेपुरती संस्थेत आणि संबंधितांना, हिरवी म्हणजे आपल्या समुदायात. हे रंग नसते, तर कोणत्याही विद्यापीठाच्या वकिलाने पहिल्याच पत्रावर सही नाकारली असती.

आक्षेपही आहेत, आणि ते हलके नाहीत. कोणत्या प्राध्यापकाने कोणते संकेतस्थळ पाहिले, हे नोंदींतून कळू शकते. राजकीय दमनाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला ही पाळत रुचणार नाही. युरोपीय विदासंरक्षण कायदा नोंदी किती काळ आणि कशासाठी ठेवायच्या यावर बंधने घालतो, आणि ते योग्यच आहे. दुसरी मर्यादा कमी चर्चिली जाते : दूरचा पहारेकरी हाक देतो, दार लावण्याचा अधिकार घरच्याकडेच असतो. मध्यरात्री हाक आली आणि निर्णय घेणारे सोमवारी भेटणार असतील, तर ती हाक व्यर्थ.

आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठाचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तिथल्या परिसरातील तंत्रकंपन्यांमुळे ते अनेक मराठी कुटुंबांना परिचित आहे. ११ जानेवारी २०२५ च्या शनिवारी रात्री तिथे घुसखोरीची चिन्हे दिसली. फुटलेल्या पासवर्डांच्या आधारे हल्लेखोर आत शिरले होते, आणि त्या प्रवेशद्वारावर दुसऱ्या पडताळणीची अट नव्हती. विद्यापीठाने त्याच रात्री आपले संपूर्ण जाळे तोडले. आठवडाभर वर्ग बंद राहिले, परीक्षा पुढे गेल्या. पण सर्व्हर कुलूपबंद झाले नाहीत आणि खंडणीचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे अहवाल मास्ट्रिख्टप्रमाणेच जाहीर झाला, उणिवांसकट.

भारताचा या साखळीशी संबंध दूरचा नाही. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था सर्नच्या सीएमएस प्रयोगासाठी गणनकेंद्र चालवते. चाळीसहून अधिक देशांत पसरलेल्या त्या ग्रिडमध्ये कुलाब्याची किल्ली जिनिव्हाइतकीच महत्त्वाची आहे. देशातील विद्यापीठे आणि प्रयोगशाळा राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने जोडलेल्या आहेत, आणि एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या निर्देशांनुसार सायबरघटना सहा तासांत 'सर्ट-इन'ला कळवणे बंधनकारक आहे. मात्र सरकारला कळवणे वेगळे आणि शेजारच्या विद्यापीठाला सांगणे वेगळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस रुग्णनोंदणी हाताने करावी लागली. पण मास्ट्रिख्टसारखी खुली सभा झाली नाही. शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा सांभाळणाऱ्या पुणे वा मुंबई विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयांसाठी एकत्र पहारा उभारणे अशक्य नाही. जाळे आहे, माणसे आहेत, पत्ता-विचारणा ताडण्याचे साधन तर मोफत आहे.

शेवटी एक बाब थेट वाचकांच्या हातातली. आपल्यापैकी अनेकांची जुन्या विद्यापीठांत आणि संशोधनकेंद्रांत खाती आहेत, आणि पीएच.डी. संपल्यावर ती बंद करण्याची आठवण मार्गदर्शकालाही राहत नाही. जुन्या लॅपटॉपवर पासवर्डाविना पडलेली एसएसएच किल्ली अशा खात्याचे दार अजून उघडू शकते. मे २०२० नंतर आर्चरच्या प्रत्येक वापरकर्त्याला नवा पासवर्ड आणि नवी किल्ली घ्यावी लागली, त्यामुळे तिथल्या जुन्या किल्ल्या निकामी झाल्या. इतरत्रचे खाते बंद करण्यासाठी त्या संस्थेच्या संगणक विभागाला दोन ओळींचे पत्र पुरते. आणि चालू किल्लीला पासवर्ड लावायला 'एसएसएच-कीजेन'ची एक आज्ञा.